उभ्यानं सरणारा दिवस

सकाळी सहाच्या आसपास किन्हवलीच्या रस्त्यावर माणसं जमायला लागतात. शहापूर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. पोलीस ठाणं, आरोग्य केंद्र, शाळा-कॉलेज, किराण्याची, कापडाची आणि खताची दुकानं इथे आहेत, त्यामुळे आजूबाजूच्या पाड्यांचे पाय इकडेच वळतात. पहाटे मात्र ओघ उलटा, बाहेरच्या दिशेनं असतो. कुणी शहापूर गाठून आसनगावहून लोकल पकडतं आणि कल्याण-ठाण्याच्या दुकानांत जातं. कुणी सरळगाववरून मुरबाडच्या एमआयडीसीत जातं. बरीच पोरं-पोरी ठेकेदाराच्या गाडीनं नाशिक महामार्गाला लागतात आणि पडघा-भिवंडीच्या गोदामांत उतरतात.

एका पिढीपूर्वी इथलं कष्टाचं वर्ष भातशेतीत आणि वीटभट्टीवर जायचं. पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि त्यानंतर कातकरी कुटुंबांचं भट्ट्यांवर स्थलांतर. ते अजून संपलेलं नाही. पण भिवंडीच्या परिसरात गोदामं उभी राहिली, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ती आणखी फोफावली आणि तालुक्यातल्या तरुणांना नवी कामं मिळाली. माल उचला, स्कॅन करा, खोक्यात भरा, पट्टी लावा. कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांत, मॉलमध्ये, हॉस्पिटलांत, कारखान्यांच्या तपासणी टेबलांवरही अशीच कामं असतात. वरवर पाहिलं तर या कामांचा एकमेकांशी संबंध नाही, पण सगळी दिवसभर उभ्यानं करायची आहेत. आठ-नऊ तास काँक्रीटवर किंवा गुळगुळीत लादीवर.

लावणी करणाऱ्या बाईचे हाल मी कमी लेखत नाही. कंबर मोडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, पुढे उन्हाळ्यात टाचांना भेगा पडून रक्त येतं आणि कोकमाचं तेल कोमट करून भरावं लागतं. अनवाणी पायाला सापाची भीती असते ती निराळी. तरी चिखल पायाखाली दबतो, पाय सतत उचलावा लागतो, पोटऱ्यांचे स्नायू चालू राहतात. काँक्रीट दबत नाही. शिवाय पॅकिंगच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीला फार तर दोन पावलं डावीकडे आणि दोन उजवीकडे सरकायची मुभा असते. संध्याकाळी घरी आल्यावर या मुलींच्या तोंडी एकच वाक्य येतं: पाय भरून आले.

पाय भरून येतात म्हणजे नेमकं काय होतं? पायांतलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटऱ्या करतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा दाबतो आणि रक्त वर ढकलतो. खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. माणूस नुसताच उभा राहिला की हा पंप बंद पडतो. रक्त खाली साचतं, घोटे सुजतात. अशी वर्षं गेली आणि अंगात तशी प्रवृत्ती असली, तर शिरा फुगून निळ्या दोऱ्यांसारख्या वर येतात. दुसरं दुखणं टाचेचं. तळव्याखालून टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टी गेलेली असते आणि पायाची कमान तिच्यावर तोललेली असते. दिवसभराच्या ताणानं ती टाचेपाशी दुखावते. रात्री ती आखडते, म्हणून सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाकलेलं पहिलं पाऊल सुरी खुपसल्यासारखं लागतं आणि चार पावलं चालल्यावर जरा बरं वाटतं. ही खूण डॉक्टरांना लगेच ओळखू येते. घरात मात्र ‘वय झालं’ किंवा ‘थंडी बाधली’ म्हणून ती झटकली जाते, मग दुखणारी बावीस वर्षांची का असेना. एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. एवढ्या नाजूक बांधणीवर आपण अख्खी शिफ्ट उभी करतो आणि खाली काय घालायचं याचा विचार सगळ्यात शेवटी करतो.

गोदामातला बूट जवळून पाहिला की पुष्कळ काही कळतं. काळा, जाड, पुढे पोलादी टोपी असलेला सेफ्टी शू. आतला तळवा काढून टाकलेला आणि त्याच्या जागी जुन्या हवाई चपलेचा निळा तळ कात्रीनं कापून बसवलेला. मागची कड टाचेखाली दुमडून दुमडून मऊ पडलेली. करंगळीच्या बाजूला रेक्झिन फुगून चिरलेलं, आणि पुढे टोकात चक्क कापडाची चिंधी कोंबलेली. एकाच बुटात पाय मावत नाही आणि बूट पायात राहतही नाही, ही त्याची खरी अडचण. पाय रुंद असल्यानं मोठा नंबर घ्यावा लागला, मोठा घेतल्यावर लांबी जास्त झाली, म्हणून चिंधी. असे बूट बहुतेक पुरुषांच्या साच्यावर बेतलेले असतात आणि बायकांच्या वाट्याला त्यातलेच लहान नंबर येतात.

पोलादी टोपी निरर्थक आहे असं कुणीही म्हणू नये. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे सेफ्टी बुटाच्या पुढच्या टोकानं २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. वीस किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून बोटांवर पडलं, तर बोटं वाचली पाहिजेत असा त्याचा अर्थ. जिथे पॅलेट हलतात, ट्रॉल्या फिरतात, तिथे हे हवंच. पण हे मानक सुरक्षेचं आहे. आघात सोसणारा प्रत्येक बूट नऊ तास घालण्याजोगा असेलच असं नाही. पोलादाऐवजी कॉम्पोझिट टोपीचे हलके बूट निघाले आहेत, बायकांच्या साच्यावर बनवलेलेही मिळतात. ते महाग पडतात आणि खरेदी करणारा माणूस ते स्वतः घालणार नसतो. सगळं इथेच अडतं.

ठेकेदाराच्या गाडीत बसलेल्या मुलींच्या पायांकडे पाहिलं तर त्यांत हा बूट क्वचित दिसतो. तो पिशवीत असतो, डब्याशेजारी. पायात असते सोनेरी पट्ट्यांची सँडल, फुलाची चप्पल, नाहीतर पांढरे स्पोर्ट्स शूज. गेटपाशी अदलाबदल होते आणि संध्याकाळी परत उलटी. कुणाला हा नखरा वाटेल. मला यात सरळ स्वाभिमान दिसतो. या मुलींच्या आज्यांना वडीलधाऱ्यांसमोरून जाताना चप्पल पायातून काढून हातात घ्यावी लागे. दलितांना सवर्णांच्या आळीतून वहाणा घालून जायची बंदी होती आणि ही गोष्ट महाराष्ट्रानं अजून विसरलेली नाही. ठाकर-कातकरी पाड्यांवर कित्येकांचा जन्म अनवाणीच गेला. अशा घरातली मुलगी पहिल्या पगारातून सँडल घेते तेव्हा ती नुसती पायाखालची वस्तू घेत नाही. दिसायला छान हवं, हा तिचा आग्रह आरामाच्या आग्रहाइतकाच गंभीरपणे घ्यायला हवा.

याचा पुरावा आपल्याच आरोग्य खात्याकडे आहे. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. खडा रुतला, चटका बसला, चप्पल लागली, काहीच कळत नाही आणि जखमा चिघळतात. रोगानं मांस झडतं अशी पूर्वी समजूत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की खरा घात बधिर पायावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाचा आहे. त्यातून मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, मऊ तळाच्या चपला आल्या. हे रबर बारीक बारीक बंद पोकळ्यांनी भरलेलं असतं. ते दबतं, पुन्हा उसळून येतं आणि वजन सगळ्या तळव्यावर पसरवतं. कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून या चपला आजही सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत रुग्णांना मोफत दिल्या जातात. मधुमेहाच्या रुग्णांसाठीही त्याच वापरतात.

तळ उत्तम, काम चोख, किंमत शून्य. आणि तरी पुष्कळ रुग्ण त्या घालत नाहीत. कारण ती जाड, काळी, पट्ट्याची ठरावीक घडणीची चप्पल लांबून ओळखू येते. बाजारात गेलं, लग्नाला गेलं, की ती चप्पल रोगाचं नाव सांगते. जखम पत्करली पण ओळख नको, असं माणूस ठरवतो आणि त्याला दोष देता येत नाही. कुष्ठरोगावर काम करणाऱ्यांना हे कळलं, तेव्हा त्यांनी तोच तळ ठेवून वरचे पट्टे बदलले, रंग बदलले, बाजारातल्या चपलेसारखं रूप दिलं. मला या सगळ्या विषयातली ही कळीची गोष्ट वाटते. पायातान चांगलं आहे की नाही हे प्रयोगशाळेत अर्धंच ठरतं, उरलेलं ते घरातून घालून निघायला मन धजावतं का यावर असतं.

गोदामाच्या बाहेरचे प्रश्न निराळे. सरकारी दवाखान्यातली परिचारिका वॉर्डात एक चप्पल घालते आणि प्रसूतिगृहात शिरताना दुसरी. आतल्या स्लीपर सगळ्यांच्या सामायिक, कुणाच्याही मापाच्या नसलेल्या. नेमकं तिथेच तिला तासन् तास उभं राहावं लागतं. जगभरच्या परिचारिकांनी २००२ मध्ये निघालेले क्रॉक्स नावाचे जोडे का उचलले, हे अशा ठिकाणी समजतं. ते होडीवर घालायला म्हणून बनवले होते. पण धुता येतात, ओले झाले तरी चालतं, बोटांना जागा भरपूर आणि पटकन चढवता येतात. आता त्यांच्या नकला शहापूरच्या बाजारातही टांगलेल्या असतात. त्यांतल्या स्वस्तातल्या काही जोड्यांचा तळ काही महिन्यांत दबून पापडासारखा होतो. अंगठ्यानं दाबून पाहावं. खळगा लगेच भरून आला तर ठीक, तसाच राहिला तर तो जोडा उभं राहायच्या कामाचा नाही.

प्राथमिक शिक्षिकांची गोष्ट कुणी सहसा बोलत नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत पोरं चपला वर्गाबाहेर ओळीत काढून ठेवतात आणि बाईही काढतात. रीत सुंदर आहे, वर्ग स्वच्छ राहतो. पण याचा अर्थ असा की बाईंनी कितीही पारखून सँडल घेतली तरी ती दिवसभर दाराबाहेर असते आणि बाई अनवाणी लादीवर उभ्या असतात. पायांबद्दलचे परदेशी सल्ले इथे कुचकामी ठरतात, कारण त्यांत माणूस सकाळी नाडी बांधतो आणि संध्याकाळी सोडतो असं गृहीत असतं. आपल्याकडे घर, देऊळ, वर्ग, काही दवाखाने, शेजारणीचं स्वयंपाकघर, सगळीकडे पायातान काढायचं. म्हणून नाडीचा बूट मागे पडतो आणि पायात सरकणारी चप्पल जिंकते. शिक्षिकेसाठी साधा उपाय फळ्यापाशी एक जाड रबरी चटई हा आहे, किंवा फक्त वर्गात वापरायची धुतलेली मऊ स्लीपर. मुलांना सांगितलं तर मुलं समजून घेतात.

आता मापाकडे येऊ, कारण सेफ्टी बुटातल्या त्या चिंधीचं मूळ तिथे आहे. भारतात बुटांवर छापलेले नंबर इंग्रजी मापाचे आहेत. आपल्या पायांचं मोजमाप करून ते ठरलेले नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांच्या पायांची मापं घेतली, त्रिमितीय यंत्रानं. त्यातून जाणवलेली मोठी गोष्ट अशी की भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा चवड्यापाशी रुंद असतो. त्यामुळे अरुंद साच्यात पाय कोंबण्याऐवजी आपण मोठा नंबर घेतो. मुलींच्या पायांची वाढ साधारण अकराव्या वर्षी टोकाला पोचते, मुलग्यांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हेही त्यात दिसलं. या पाहणीवरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. लहान बाळापासून मोठ्या माणसापर्यंत आठ मापं. ज्या मुली लहानपणी अनवाणी हिंडल्या, त्यांच्या बोटांना पसरायची सवय असते. निमुळत्या टोकाच्या सँडलीत तीच बोटं एकावर एक चढतात आणि अंगठ्याच्या मुळाशी गाठ येते. ‘भा’ बाजारात रुजली तर त्याचा पहिला फायदा अशा पायांना व्हावा.

रुंद पुढा, बोटांना मोकळीक आणि दिसायलाही देखणी, अशी वहाण आपल्याकडे होतीच. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तिच्यासारखीच चप्पल मांडली. कारागिरांचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्रातून आवाज उठला, तेव्हा कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. त्या वादात कोल्हापुरीच्या देखणेपणाची चर्चा पुष्कळ झाली. पण जी मुलगी दागिन्यांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते तिला ती चालेल का? मूळ घडणीची, झाडपाल्याच्या अर्कात कमावलेल्या कातड्याची, सपाट कडक तळाची कोल्हापुरी मातीवर चालण्यासाठी अप्रतिम आहे. तेल पाजून पायाला बसली की अंगचीच होते. लादीवर आठ तास नुसतं उभं राहायला मात्र ती कठीण पडते आणि किन्हवलीच्या चार महिन्यांच्या पावसात तिचा निभाव लागत नाही. आत गादी आणि खाली रबर बसवलेल्या कोल्हापुरी आता निघतात. जुन्या चाहत्यांना ती भेसळ वाटते. मला तो योग्य बदल वाटतो, फक्त अंगठा आणि पट्टे पायाला घट्ट धरणारे हवेत. सैल चपलेत पाऊल टिकवायला बोटं सतत आवळून धरावी लागतात आणि तळवा त्यानंच थकतो.

दिवाळीच्या बोनसवर पायातान घ्यायचं ठरवलं असेल तर दुकानात संध्याकाळी जावं, कामावरून परतताना. त्या वेळी पाय जितका फुगलेला असतो तितकाच तो शिफ्टच्या शेवटी असणार. दोन्ही पायांत घालून पाहावं, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि माप मोठ्या पायाचं घ्यायचं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठाभर जागा उरली पाहिजे. मग जोडा हातात घेऊन वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, कारण पाय तिथेच वाकतो. मधोमध दुमडला तर कमानीला आधार नाही. पिळून पाहिला आणि फडक्यासारखा पिळला गेला, तर ठेवून द्यावा. टाचेमागची कड कडक असावी. टाच अगदी सपाट नको, उंचही नको, दोन-तीन सेंटिमीटर, रुंद बुडाची. दुकानदार ‘घालून घालून सैल होईल’ म्हणाला तर ऐकू नये. कातडं थोडं सैल होतं, रेक्झिन होत नाही. आणि आरशापुढे मिरवण्याआधी दुकानाच्या लादीवर पाच-दहा मिनिटं स्वस्थ उभं राहून बघावं, कारण तो जोडा त्यासाठीच घ्यायचा आहे. रंग, बक्कल, पट्टा आवडला पाहिजे. न आवडलेला जोडा पलंगाखाली जातो आणि जुना लागणारा पुन्हा पायात येतो. जमत असेल तर दोन जोड घेऊन आलटून पालटून वापरावेत. दबलेला फोम एका रात्रीत पुरता भरून येत नाही, पावसात तर वाळतही नाही. मधल्या काळात चप्पल शिवणाऱ्या काकांकडून टाचेखाली रबराची गादी चिकटवून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. हे काका कमी होत चालले आहेत आणि नवीन जोड्यांचे तळ एकसंध ओतलेले असल्यानं त्यांनाही फार काही शिवता येत नाही.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट उरते. जगातला सर्वात मऊ बूट पोटरीचा पंप चालू करू शकत नाही. त्यासाठी चालावं लागतं, आणि पायांना विसावा द्यायला बसावंही लागतं. इंग्लंडनं १८९९ मध्येच दुकानांतल्या नोकरदार स्त्रियांसाठी आसनांचा कायदा केला होता, तिघींमागे निदान एक आसन. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ४४ सांगत असे की उभ्यानं काम करणाऱ्यांना कामात उसंत मिळेल तेव्हा टेकता यावं अशी सोय हवी. दुकानांत मात्र बसणं म्हणजे आळस अशी समजूत रुजलेली. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. विजी पेनकूट्टू ही शिवणकाम करणारी बाई त्यांच्या पुढे होती आणि २०१८ मध्ये केरळनं बसण्याचा हक्क कायद्यात आणला. २०२१ मध्ये तामिळनाडूनं तेच केलं. व्यावसायिक सुरक्षिततेच्या २०२० च्या केंद्रीय संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. तरी कल्याणच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे उभी असलेली मुलगी अजून भिंतीला पाठ टेकते, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेते आणि मालकाची नजर चुकवून सँडलीतून टाच बाहेर काढते. तिच्यामागे एक स्टूल मावेल एवढी जागा प्रत्येक दुकानात असते. गिऱ्हाइकांनीही समोरची मुलगी बसलेली दिसली तर ते अपमानाचं धरू नये.

गोदामांच्या आणि कारखान्यांच्या मालकांकडे मागायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. बूट देताना बायकांचे साचे आणि रुंद मापं मागवावीत. एकच काळा नमुना सगळ्यांच्या गळ्यात मारण्याऐवजी मानकात बसणारे तीन-चार नमुने ठेवून निवड घालणाऱ्याकडे सोडावी. टेबलांखाली रबरी चटया घालाव्यात. तळ दबला की ठरलेल्या मुदतीचा हिशेब न पाहता बूट बदलून द्यावा. ज्यांना ठेकेदार बूटच देत नाही त्यांना त्याचे पैसे पगारात वेगळे मिळावेत. पगाराच्या चिठ्ठीवर पीएफ, जेवण, गाडीभाडं या सगळ्यांच्या ओळी असतात, तशी पायातानाचीही एक ओळ यावी.